जीफोर्ट्रानवर बरोबर, इंटेलवर दिवस उड्या मारतात: पावसाची ग्रिड फाइल आणि फोर्ट्रानचं बायनरी वाचन

पागोळी (धागाकर्ती)

हवामान खात्याची पाव अंशाच्या ग्रिडवरची रोजच्या पावसाची फाइल वाचायची आहे, २००५ सालची, .जीआरडी. ग्रिड १३५ × १२९, प्रत्येक आकडा चार बाइटचा रिअल, माहिती नाही तिथे -९९९.०. ओपनमध्ये फॉर्म 'अनफॉरमॅटेड', ॲक्सेस 'डायरेक्ट', रेकल (एका रेकॉर्डची लांबी) = १३५*१२९*४. मग रेक (रेकॉर्डचा क्रमांक) १ ते ३६५ असा साधा लूप.

लिनक्सवर जीफोर्ट्रान या कंपायलरने सगळे ३६५ दिवस नीट येतात. तोच सोर्स आणि तीच फाइल क्लस्टरवर आयएफएक्सने (इंटेलचा फोर्ट्रान कंपायलर) चालवली तर १ जानेवारी शंभर टक्के बरोबर, २ जानेवारीपासून काहीच जुळत नाही, आणि नव्वदीच्या पुढे 'सिव्हियर (३६): अटेम्प्ट टू ॲक्सेस नॉन-एक्झिस्टंट रेकॉर्ड' म्हणून थांबतो. एमडी५ (फाइलच्या मजकुराचा ठसा) दोन्हीकडे सारखा, म्हणजे फाइल शाबूत आहे. ऑप्टिमायझेशन बंद करूनही तेच. घोडं कुठे पेंड खातंय?

---

बाइटवाला

रेकलच्या एककात. जीफोर्ट्रान रेकल बाइटमध्ये मोजतो. इंटेल, जुना आयफोर्ट असो की नवा आयएफएक्स, अनफॉरमॅटेड फाइलसाठी चार-चार बाइटच्या शब्दांत मोजतो, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर. तुम्ही ६९,६६० दिले, त्याने २,७८,६४० बाइटचा रेकॉर्ड धरला.

आता हिशेब मांडा. एक दिवस = १३५ × १२९ × ४ = ६९,६६० बाइट. ३६५ दिवसांची फाइल २,५४,२५,९०० बाइटची. इंटेलच्या लेखी त्यात ९१ पूर्ण रेकॉर्ड आणि वर एक पाव रेकॉर्ड उरतो, म्हणून नव्वदीच्या पुढे ३६ नंबरची एरर. आणि 'क्ष'वा रेकॉर्ड मागितला की हातात येतो ४(क्ष-१)+१ वा दिवस. रेक १ ला १ जानेवारी, रेक २ ला थेट ५ जानेवारी, रेक ३ ला ९. पहिला दिवस बरोबर येतो म्हणून माणूस फाइलवर, नेटवर्कवर, ऑप्टिमायझेशनवर संशय घेत बसतो.

उपाय दोन. आयएफएक्सला '-अझ्यूम बाइटरेकल' द्या (विंडोजवर '/अझ्यूम:बाइटरेकल'). किंवा, आणि हेच करा, आकडा हाताने लिहूच नका. जो ॲरे वाचणार आहात तोच इन्क्वायरला द्या: इन्क्वायर(आयओलेंथ = लांबी) पाऊस. येईल ती लांबी रेकलला द्या. हे फोर्ट्रान ९० पासून आहे. जीफोर्ट्रानवर ६९६६० मिळेल, इंटेलवर पर्याय न देता १७४१५, आणि दोन्हीकडे वाचन बरोबर होईल. मेकफाइलमधला पर्याय पुढचा माणूस विसरतो, सोर्समधली ओळ फाइलबरोबर जाते.

---

पंचकार्ड

बाइटवाल्यांनी बरोबर सांगितलंय. थोडी वंशावळ जोडतो, कारण लोक याला इंटेलचा बग म्हणतात आणि तो बग नाही. हा कंपायलर डिजिटलच्या व्हॅक्स फोर्ट्रानच्या घराण्यातला, डिजिटलकडून कॉम्पॅककडे आणि तिथून इंटेलकडे आलेला. व्हॅक्सवर रेकल लाँगवर्डमध्ये, म्हणजे चार बाइटमध्ये मोजायची रीत होती. फोर्ट्रानच्या मानकाने एकक कंपायलरवर सोडलं होतं. फोर्ट्रान २००३ ने आठ बिटांचं एकक असावं अशी शिफारस केली, सक्ती नाही. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून इंटेलने रीत सोडली नाही.

वाचताना निदान एरर तरी येते. लिहिताना येत नाही, हे जास्त वाईट. इंटेलवर रेकल = ६९६६० देऊन ३६५ दिवस लिहिले तर फाइल चौपट होते. प्रत्येक रेकॉर्डमध्ये पहिला पाव भाग तुमचा डेटा, बाकी भराव. ती फाइल दुसऱ्याने जीफोर्ट्रानवर वाचली की त्याला एक दिवस पाऊस आणि तीन दिवस ठणठणीत कोरडे असा विलक्षण नियमित पावसाळा दिसतो. असा चारचा ताल दिसला की आधी फाइलचा आकार बघायचा.

---

तळटीप

एवढा खटाटोप कशाला? स्ट्रीम वापरा. ॲक्सेस = 'स्ट्रीम', फॉर्म = 'अनफॉरमॅटेड'. ना रेकल, ना रेकॉर्डच्या खुणा. फोर्ट्रान २००३ चं मानक आहे, सगळ्या चालू कंपायलरमध्ये आहे. पॉझ, म्हणजे फाइलमधली बाइटची जागा, एकपासून मोजतात, शून्यापासून नाही, एवढं फक्त लक्षात ठेवा. 'द'व्या दिवसाची सुरुवात = (द-१)*६९६६० + १.

एक नमुना तपासून बघा. मुंबईजवळचा बिंदू १९.० उत्तर, ७२.७५ पूर्व. ग्रिड ६६.५ पूर्व आणि ६.५ उत्तरपासून सुरू, रेखांश आधी पळतो, मग अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे. म्हणून आय = (७२.७५-६६.५)/०.२५ + १ = २६, जे = (१९-६.५)/०.२५ + १ = ५१. दिवसाच्या आत त्याच्या आधी ५०*१३५ + २५ = ६७७५ आकडे, म्हणजे २७,१०० बाइट. २७ जुलै २००५ हा वर्षाचा २०८ वा दिवस. पॉझ = २०७*६९६६० + २७१०० + १ = १,४४,४६,७२१. तिथला एकच रिअल वाचा. २६ जुलैचा पाऊस २७ तारखेत का शोधायचा, तर खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. तिथे किंवा लगतच्या चौकोनांत मोठा आकडा दिसायला हवा. सांताक्रूझचे ९४४ मिमी मात्र जसेच्या तसे दिसणार नाहीत, ग्रिडवर आसपासच्या केंद्रांशी मिळवून आकडा काढलेला असतो.

---

बाइटवाला

@तळटीप, स्ट्रीमला विरोध नाही, पण डायरेक्टमध्ये रेक = दिवस हे वाचायला स्वच्छ असतं आणि आयओलेंथ दिली की ते तितकंच सुरक्षित. शिवाय वरच्या गुणाकारातली गोम सांगायची राहिली. पॉझ साध्या चार बाइटच्या इंटिजरमध्ये काढला की २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे तो उणे होतो. एका वर्षाच्या फाइलला धोका नाही, पण सगळी वर्षं एकामागे एक जोडून एकच फाइल केली की ८५ व्या वर्षाच्या सुमारास गुणाकार उलटतो. खात्याची माहिती १९०१ पासूनची आहे, म्हणजे हे घडणारच. पॉझसाठी इंट६४ (आठ बाइटचा इंटिजर) घ्या, आणि गुणाकारातली एक तरी संख्या आधीच इंट६४ असू द्या. उत्तर इंट६४ मध्ये ठेवून उपयोग नाही, तोवर गुणाकार उलटलेला असतो.

जुन्या सोर्समध्ये फॉर्म = 'बायनरी' दिसेल. तो मायक्रोसॉफ्ट आणि डिजिटलकडचा जुना विस्तार, इंटेलला अजून कळतो, जीफोर्ट्रानला नाही. तिथे स्ट्रीम लिहा.

---

पागोळी

आयओलेंथने ३६५ दिवस जुळले, बाइटशेठ धन्यवाद. पण पुढचं विघ्न. तेच वाचन-सबरूटीन आता डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलच्या आमच्या साधनसंचात जोडलं, इंटेलनेच बांधलं. आता एरर नाही, थांबतही नाही, पण सगळा नकाशा ०.००. काही ठिकाणी -०.००. समुद्रावरसुद्धा -९९९ नाही, शून्य. वेगळं बांधलं की बरोबर येतं.

---

उलटसुलट

मेकफाइलमध्ये '-कन्व्हर्ट बिग_एंडियन' आहे, पैजेवर सांगतो. बिग एंडियन म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी, लिटल एंडियन म्हणजे लहान बाइट आधी. डब्ल्यूआरएफच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते येतंच. जीफोर्ट्रानच्या बाजूला '-एफकन्व्हर्ट=बिग-एंडियन' आणि '-एफरेकॉर्ड-मार्कर=४' अशी जोडी असते. कारण डब्ल्यूपीएसच्या (डब्ल्यूआरएफसाठी माहिती तयार करणारी प्रणाली) मधल्या फाइल बिग एंडियन असतात. पावसाची .जीआरडी लिटल एंडियन आहे. तो पर्याय एका फाइलपुरता नसतो. सिक्वेन्शियल, डायरेक्ट, स्ट्रीम, सगळ्या अनफॉरमॅटेड फाइलना लागतो.

शून्य का दिसतं तेही बघा. -९९९.० चे चार बाइट, मोठा आधी असे लिहिले तर सी४ ७९ सी० ००. तुमच्या फाइलमध्ये ते उलटे, ०० सी० ७९ सी४. बिग एंडियन म्हणून वाचले की तो आकडा होतो साधारण १.७७ × १०^-३८. एफ८.२ मध्ये (दोनच दशांश स्थळं) छापलात तर ०.००. १२.५ मिमी उलटला की त्याहून बारीक, २.६ × १०^-४१ च्या आसपास. ७.३ उलटला की होतो -६.४ × १०^-२३, तुमचे -०.०० तिथून येतात. शून्य उलटून शून्यच. म्हणून अख्खा नकाशा निर्मळ दिसतो. क्वचित एखादा अवाढव्य आकडाही निघेल, तोच खरा चुगलखोर. म्हणून तपासताना एफ८.२ नको, ईएस१४.६ मध्ये (दहाच्या घातासकट) छापा.

आणि प्रोग्रामला विचारण्याआधी फाइललाच विचारा. ओडी (फाइलचे बाइट छापून दाखवणारी आज्ञा) चालवा, पहिले १६ बाइट, पण एक-एक बाइट सोळाच्या पायात दाखवणारा एक्स१ प्रकार द्या. नुसतं '-एक्स' देऊ नका. ते दोन-दोन बाइटचे शब्द करून दाखवतं आणि लिटल एंडियन यंत्रावर प्रत्येक जोडी उलटी छापतं: ०० सी० ७९ सी४ च्या जागी सी००० सी४७९. निम्मे लोक इथेच फाइल बिग एंडियन आहे असं ठरवून मोकळे होतात. तुमच्या फाइलचा पहिला बिंदू अरबी समुद्रात आहे, तिथे -९९९ च असणार, म्हणून पहिले चार बाइट ०० सी० ७९ सी४ दिसले की वाद मिटला.

उपाय: पर्याय तसाच राहू द्या, डब्ल्यूपीएसला तो हवा आहे. पावसाच्या ओपनमध्ये कन्व्हर्ट = 'लिटल_एंडियन' लिहा. डब्ल्यूपीएसची फाइल उघडताना 'बिग_एंडियन' लिहा. कन्व्हर्ट= मानकात नाही, पण जीफोर्ट्रान आणि इंटेल दोघांनाही समजतो.

---

पंचकार्ड

यात तीन खाचखळगे.

जीफोर्ट्रानमध्ये -एफकन्व्हर्ट फक्त मुख्य प्रोग्राम ज्या फाइलमध्ये आहे ती कंपाइल करताना दिला तरच लागतो. लायब्ररीच्या सबरूटीनला दिलात तर मुकाट्याने दुर्लक्ष. म्हणजे 'आय/ओ ची फाइल वेगळी, तिलाच पर्याय देऊ' ही युक्ती तिथे चालत नाही. मुख्य प्रोग्राम सीमध्ये असेल आणि फोर्ट्रान नुसती लायब्ररी असेल तर ओपनमधला कन्व्हर्ट हाच भरवशाचा.

पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ओपनवर कुरघोडी करतात. जीफोर्ट्रानचा 'जीफोर्ट्रान_कन्व्हर्ट_युनिट', इंटेलचे 'फोर्ट_कन्व्हर्ट' + युनिट क्रमांक आणि 'एफ_यूएफएमटीएंडियन'. कोणाच्या बॅशआरसीमध्ये 'बिग' पडून असेल तर सोर्स कितीही शुद्ध असो, त्याच्या खात्यातून चूक आणि तुमच्या खात्यातून बरोबर. माणूस बदलला की उत्तर बदलतं, अशा वेळी आधी एन्व्ह छापून त्यात 'कन्व्हर्ट' आणि 'एंडियन' शोधा.

तिसरं, बाहेरून उलटवायला जाऊ नका. डीडी या आज्ञेचा 'स्वॅब' दोन-दोन बाइट उलटवतो, चार-चार नव्हे. आणि फाइलमध्ये अक्षरं, चार बाइटचे आणि आठ बाइटचे आकडे मिसळलेले असतील तर कुठलंच आंधळं उलटणं चालत नाही. रनटाइमला प्रकार माहीत असतो, तो कॅरेक्टर तसंच ठेवतो, कॉम्प्लेक्सचे दोन भाग वेगवेगळे उलटवतो. त्याचीच दुसरी बाजू: एका बाइटच्या इंटिजर ॲरेमध्ये सगळं वाचून मग ट्रान्सफरने रिअल केलंत तर कन्व्हर्ट काहीच करत नाही, उलटायचं काम तुमच्यावर.

---

कोकणकडा

धागा वाचतोय. माझी फाइल सिक्वेन्शियल आहे, दुसऱ्या विभागाकडून आली, विंडोजवर तयार झालेली. जीफोर्ट्रान म्हणतो 'अनफॉरमॅटेड फाइल स्ट्रक्चर हॅज बीन करप्टेड'. कन्व्हर्ट दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. ग्रिड वर आहे तेच, रोज एक राइट.

---

उलटसुलट

पहिले आठ बाइट इथे लिहा. ओडी एक्स१ ने.

सिक्वेन्शियल अनफॉरमॅटेडमध्ये प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर लांबीची खूण असते. सध्याच्या जीफोर्ट्रान आणि इंटेलमध्ये ती चार बाइटची. ६९,६६० म्हणजे सोळाच्या पायात १ १० १सी, तेव्हा लिटल एंडियन फाइल १सी १० ०१ ०० ने सुरू व्हायला हवी, बिग एंडियन ०० ०१ १० १सी ने. उलटी वाचली की लांबी ४७,०८,१०,८८० निघते. रनटाइम तेवढं पुढे जाऊन शेवटची खूण शोधतो, फाइल केव्हाच संपलेली असते.

पहिले आठ १सी १० ०१ ०० ०० ०० ०० ०० असतील तर खुणा आठ बाइटच्या असण्याचा दाट संभव. जीसीसी ४.२ च्या आधीच्या जीफोर्ट्रानमध्ये ६४-बिट यंत्रांवर तसं होतं. त्यासाठी -एफरेकॉर्ड-मार्कर=८. चार बाइट समजून वाचलं की खुणेची उरलेली चार शून्यं डेटा म्हणून आत शिरतात, ग्रिड एक घर सरकतो, आणि मागची खूण म्हणून रनटाइम शेवटचा -९९९ वाचतो. पण नवव्या बाइटपासून काय आहे तेही बघा: तुमच्या ग्रिडमध्ये पहिला खरा आकडाच शून्य असेल तर साधी चार बाइटची खूण आणि त्यापुढे शून्य असंही दिसेल.

---

कोकणकडा

४बी ८१ ०० सी० ७९ सी४ ०० सी०.

---

पंचकार्ड

व्वा, जुनं पुराणं निघालं. ४बी म्हणजे दशमानात ७५. ही मायक्रोसॉफ्ट फोर्ट्रान पॉवरस्टेशनची मांडणी. फाइलचा पहिला बाइट ७५, शेवटचा १३०. मध्ये प्रत्येक रेकॉर्ड जास्तीत जास्त १२८ बाइटच्या तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी-नंतर एका बाइटची लांबी. तुकडा पूर्ण असून रेकॉर्ड पुढे चालू असेल तर लांबीच्या जागी १२९. तुमचा दुसरा बाइट ८१, म्हणजे तोच १२९, आणि त्यापुढे -९९९.० लिटल एंडियन. सगळं ठाकठीक, करप्ट काही नाही.

तुमचा ६९,६६० बाइटचा रेकॉर्ड ५४४ पूर्ण तुकडे (६९,६३२) आणि शेवटचा २८ बाइटचा. ५४५ तुकड्यांचे लांबीचे बाइट १,०९०. म्हणजे रेकॉर्डमागे ७०,७५० बाइट, आणि फाइलचा आकार = ७०,७५० × दिवस + २. हे जुळतंय का बघा.

इंटेल हाताशी असेल तर '-एफपीएसकॉम्प आयओफॉरमॅट' देऊन ती वाचता येते. एकदा वाचा, साध्या स्ट्रीममध्ये लिहून ठेवा, पुन्हा त्या वाटेला जायला नको. इंटेल नसेल तर स्ट्रीमने बाइट-बाइट वाचा: पहिला सोडा, मग लांबीचा बाइट घ्या, १२९ असेल तर १२८ बाइट, नाहीतर तेवढेच बाइट, मग मागचा लांबीचा बाइट पुढच्याशी ताडून बघा. १२९ नसलेला तुकडा आला की रेकॉर्ड संपला. लांबीचा बाइट एका बाइटच्या इंटिजरमध्ये वाचलात तर १२९ चा -१२७ दिसेल, २५५ शी आयअँड करून घ्या. अख्खा लूप वीसेक ओळींत बसतो.

आणि विंडोजवर तयार झाली म्हणून अशी असते हा गैरसमज नको. आजचा विंडोजवरचा इंटेल किंवा जीफोर्ट्रान लिनक्ससारख्याच चार बाइटच्या खुणा लिहितो. ही फाइल एकतर फार जुन्या एक्झीने केली आहे किंवा कोणीतरी एफपीएसकॉम्प लावून बांधलंय.

---

कोकणकडा

आकार तंतोतंत जुळला. ७०,७५० ने भाग जातोय, वर दोन. स्ट्रीमचा लूप लिहितो.

---

तळटीप

आकारावरून आठवलं. विंडोज-लिनक्स अशा प्रवासात एफटीपी ॲस्की पद्धतीने झालं असेल तर वेगळीच खोड: प्रत्येक ०ए चा ०डी ०ए होतो, किंवा उलट दिशेला ०डी गळतात. आकार ना ६९,६६० च्या पटीत, ना खुणांसकट कशाच्या. गळलेले ०डी कुठे होते ते फाइलकडे पाहून कळत नाही. दुरुस्तीच्या फंदात न पडता पुन्हा बायनरी पद्धतीने उतरवून घ्या.

---

मोजपट्टी

खुणांचं आणखी एक सोंग, यात एररच येत नाही. सिक्वेन्शियल फाइल कुणी स्ट्रीमने किंवा पायथनच्या फ्रॉमफाइलने सरळ वाचली तर पहिली खूण पहिल्या घरात बसते आणि पहिल्या दिवसाचा नकाशा एक घर, म्हणजे पाव अंश पूर्वेला सरकतो. ते डोळ्याला कळतही नाही. दुसऱ्या दिवशी मागची आणि पुढची खूण मिळून तीन घरं, तिसऱ्या दिवशी पाच. 'न'व्या दिवशी २न-१ घरं. अर्ध्या वर्षात किनारपट्टी हळूहळू चालत निघालेली दिसते. आणि खुणेचा ६९,६६० रिअल म्हणून वाचला की ९.८ × १०^-४१ होतो, म्हणजे पुन्हा छापताना शून्य, म्हणून आकड्यांच्या यादीत तो सापडत नाही. चित्र हलतंय असं वाटलं की पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा -९९९ चा मुखवटा (कुठे -९९९ आहे त्याचा नकाशा) एकमेकांतून वजा करून बघा. समुद्र जागचा हलत नसतो.

पायथनच्या सायपायचा फोर्ट्रानफाइल खुणा समजतो, पण त्याचा मूळ हेडर प्रकार चार बाइटचा बिनचिन्ही आहे. आठ बाइटच्या खुणा किंवा बिग एंडियन असतील तर हेडरचा प्रकार आपण सांगायचा. नमपायमध्येही नुसतं फ्लोट३२ नको, बाइटक्रमाची खूण असलेला '<एफ४' किंवा '>एफ४' द्या. आणि रीशेप (दिवस, १२९, १३५), फोर्ट्रानच्या नेमका उलट क्रम.

---

बाइटवाला

दोन जीबीहून मोठा रेकॉर्ड एका राइटमध्ये लिहिणाऱ्यांसाठी: चार बाइटच्या चिन्हांकित खुणेत ते मावत नाही. म्हणून जीफोर्ट्रान २,१४,७४,८३,६३९ बाइटच्या पुढे उपरेकॉर्ड पाडतो. पुढची खूण उणे असली तर 'अजून तुकडा आहे', मागची खूण उणे असली तर 'याच्या आधी तुकडा होता'. इंटेलचीही हीच रीत, त्यामुळे हे दोघं एकमेकांच्या फाइल वाचतात. पण हाताने खुणा वाचणारी घरगुती पायथन-मॅटलॅब साधनं इथे हमखास आपटतात, उणे खूण बिनचिन्ही वाचली की ती दोन जीबीच्या वरची लांबी दिसते. सोपा मार्ग, एवढा मोठा रेकॉर्ड करूच नका. दिवसागणिक राइट करा.

---

पागोळी

ओपनमध्ये कन्व्हर्ट लिहिलं, दोन्ही फाइल आता बरोबर. डब्ल्यूपीएसची फाइल बिग एंडियन आहे हे ओडीने कसं ओळखायचं?

---

उलटसुलट

पहिले बारा बाइट. पहिल्या रेकॉर्डमध्ये नुसता आवृत्तीचा आकडा असतो, डब्ल्यूपीएससाठी ५. म्हणजे खूण ४, आकडा ५, खूण ४: ०० ०० ०० ०४, ०० ०० ०० ०५, ०० ०० ०० ०४. शून्यं आधी दिसली की बिग. ०४ ०० ०० ०० असं दिसलं तर कुणीतरी पर्याय न देता लिहिली आहे.

---

बाइटवाला

पागोळी, तुमचा लूप ३६५ वर बांधलेला आहे. लीप वर्षाची फाइल २,५४,९५,५६० बाइटची असते, ३६६ दिवस. काही लोक आयओस्टॅट (वाचनाचा निकाल सांगणारा आकडा) उणे येईपर्यंत वाचत जातात. सिक्वेन्शियल आणि स्ट्रीममध्ये ते ठीक, फाइल संपली की आयओस्टॅट_एंड मिळतो. डायरेक्टमध्ये नसलेला रेकॉर्ड मागणं ही 'फाइल संपली' ची अवस्था नसून चूक असते, आयओस्टॅट धन येतो (इंटेलचा तो ३६). 'उणे आला तरच थांब' असा लूप तिथे अनंत फिरतो आणि शेवटच्या दिवसाचा ॲरे पुन्हा पुन्हा मोजतो. 'शून्य नसेल तर थांब' लिहा.

---

पंचकार्ड

लॉजिकलचं (खरं-खोटं ठेवणारा प्रकार) कुणी काढलं नाही म्हणून. जमीन-समुद्र मुखवटा लॉजिकल ॲरे म्हणून फाइलमध्ये लिहू नका. इंटेल मूळ स्थितीत ट्रू साठी -१ ठेवतो आणि तपासताना फक्त शेवटचा बिट बघतो. जीफोर्ट्रान १ ठेवतो आणि ०, १ सोडून दुसरं काही असेल तर त्याची हमी देत नाही. इंटेलने लिहिलेला मुखवटा जीफोर्ट्रानने वाचला की इफ आणि .नॉट. वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात, तेही ऑप्टिमायझेशनच्या पातळीनुसार बदलणारी. '-स्टँडर्ड-सिमँटिक्स' दिलं की इंटेलही १ वापरतो, आणि बाइटरेकलही त्यातच येतं. पण मग आधी लिहून ठेवलेल्या फाइल, हाताने चारने भागलेले जुने रेकल, दोन्ही तपासून घ्यावे लागतात. शून्य-एकचा इंट३२ ॲरे लिहा, कटकट नाही.

तीच गत डिराइव्ह्ड टाइपची (आपण बनवलेला, अनेक घटकांचा प्रकार). अख्खा टाइप एका राइटमध्ये दिला की मधला भराव फाइलमध्ये जाईल की नाही हे कंपायलरवर. घटक एक-एक लिहा. आणि रिअल(८) म्हणजे आठ बाइट ही समजूत नॅगच्या कंपायलरवर फसते, तिथे मूळ स्थितीत काइंड (प्रकाराचा क्रमांक) १, २ असे चालतात. आयएसओ_फोर्ट्रान_एन्व्ह मधले रिअल३२, रिअल६४ वापरले की हा प्रश्नच येत नाही. जीफोर्ट्रानचा काइंड १० चा रिअल तर फाइलसाठी वर्ज्यच समजा: खरी माहिती दहा बाइट, जागा ६४-बिटवर सोळा आणि ३२-बिट एक्स८६ वर बारा.

---

तळटीप

एवढं सगळं वाचून कुणी 'नेटसीडीएफ ही फाइल-मांडणी वापरा' म्हणेलच, म्हणून मीच म्हणतो. नवी फाइल लिहायची असेल तर तेच. क्लासिक नेटसीडीएफ आतून बिग एंडियन असते, पण ते लायब्ररी सांभाळते, आपल्याला कळतही नाही. जुन्या .जीआरडी मात्र वाचाव्याच लागणार.

---

पागोळी

शेवटचं. एक अंशाची तापमानाची फाइलही याच सबरूटीनमधून वाचायची आहे. ३१ × ३१, माहिती नसेल तिथे ९९.९. आकार १४,०३,०६० बाइट दिसतोय.

---

मोजपट्टी

३१ × ३१ × ४ = ३,८४४, गुणिले ३६५ = १४,०३,०६०. खुणा नाहीत, डायरेक्ट चालेल. ९९.९ शी 'बरोबर आहे का' अशी तुलना मात्र करू नका. ९९.९ दोनच्या पायात पुरता मावत नाही, रिअल३२ मधला ९९.९ आणि रिअल६४ मधला ९९.९ वेगळे. मेकफाइलमध्ये '-आर८' असेल तर सोर्समधला स्थिरांक आठ बाइटचा होतो आणि एकही बिंदू गाळला जात नाही, सरासरी तापमान नव्वदीकडे सरकतं. ९९.० पेक्षा मोठा असेल तर गाळा. -९९९.० पूर्णांक असल्यामुळे पावसात हे कधी दिसलं नव्हतं.